गाडी कधी बोलते?

निपाणीहून भोपाळ अकराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. भावजींची बदली झाली आणि अक्कानं तिकडं बिऱ्हाड थाटलं. देवघर आणि पाटा-वरवंटा ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली करायला आई काही तयार होईना. शेवटी मामांनी आपली पिकअप काढली. मागे भांडीकुंडी, जोंधळ्याची दोन पोती, गुळाच्या ढेपा आणि पुढे आम्ही दोघे. मामांच्या गाडीत रस्त्याप्रमाणे भाषा बदलते. रस्ता चांगला असला की मराठी आणि खड्डा आला की कन्नड!

आवाज पुण्याच्या अलीकडेच सुरू झाला होता. स्पीडब्रेकरवरून उतरलं की पुढच्या बाजूनं 'टक' असं वाजायचं. मी म्हटलं, ''मामा, काहीतरी वाजतंय.'' मामा म्हणाले, ''एन आगंगिल्ल! काही होत नाही. ओझ्यानं वाजतंय.'' आणि त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला. नाशिक, धुळे गेलं. शिरपूर सोडल्यावर बिजासन घाटात मला स्टिअरिंग जरा सैल वाटलं, पण मी गप्प बसलो. खलघाटला नर्मदा ओलांडताना मामांनी हात जोडले. त्या दिवशी हात जोडण्याखेरीज आणखीही काही करायला हवं होतं, हे नंतर कळलं.

देवासला चहाला थांबलो. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयाच्या आजारात हवापालट म्हणून या गावी आले आणि इथलेच होऊन गेले. मामा त्यांच्या गाण्याचे वेडे. कॅसेट लागली की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. गाण्याला एवढे कान देणारा माणूस गाडीच्या आवाजाला मात्र कान देत नव्हता.

भोपाळच्या वेशीवर, लालघाटीला भावजी आणि अक्का घ्यायला आले होते. अक्का आमच्या केबिनमध्ये बसली. तिथून व्हीआयपी रोड मोठ्या तलावाच्या काठाकाठानं जातो. राजा भोजानं अकराव्या शतकात बांधलेला म्हणून सांगतात तो हा तलाव. संध्याकाळचं पाणी बघून मी हरखून गेलो होतो. अक्काचं लक्ष मात्र तलावाकडं नव्हतं. ''हा टकटक आवाज कसला रे? कधीपासून येतोय?'' आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ''उद्या आधी गॅरेज. मगच परतीचं बोला,'' अक्कानं निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी पोहे-जिलेबीचा नाश्ता करून भावजींच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. जुन्या शहरात, हमीदिया रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटंसं गॅरेज. वय साठीच्या पुढचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मामांनी सुरुवात केली, ''शॉकअॅब्सॉर्बर गेलाय, बदलून टाका.'' उस्ताद हसले. ''को खाँ, पहले ये बताओ, बोलती कब है?''

या एका प्रश्नात निम्मं निदान असतं, हे त्या दिवशी शिकलो. गाडीचा वेग वाढेल तशी घूं-घूं वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग बघायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, किंचाळत असेल तर पट्टा. जागेवर वळवताना कुरकुर झाली तर कोरडा बॉल जॉइंट नाहीतर रबरी बुश. आणि खड्ड्यात किंवा वळताना टक-टक झाली तर कुठंतरी सांध्यात ढिलाई. मामा म्हणाले, आवाज 'कटकट' असा आहे. मी म्हटलं, 'टकटक'. उस्ताद म्हणाले, आवाज एकच आहे, तुमचं आपसात ठरवा.

ऑइलची पातळी ठीक होती. मग इंजिन बंद करून त्यांनी मला आत बसवलं आणि स्टिअरिंग अगदी थोडं, चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं हलवत राहायला सांगितलं. स्वतः खाली शिरून एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. ''आवाज कानाला फसवतो, लोखंडातून भलतीकडंच पोचतो. बोटांना फसवत नाही,'' असं त्यांचं म्हणणं. नंतर मागच्या चाकांना दगड लावले, खालच्या आर्मखाली जॅक देऊन डावं चाक उचललं आणि आधाराला लाकडी ठोकळा सरकवला. चाक वर-खाली धरून हलवलं. घट्ट. म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट शाबूत. मग डावी-उजवीकडची बाजू धरून हलवलं. टक!

टाय रॉड एन्डचं रबर फाटलं होतं. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा हा सांधा. आत एक गोळा आणि त्याची वाटी. उसाच्या फडातला चिखल, पावसाचं पाणी आत जाऊन ग्रीस वाहून गेलं होतं आणि गोळा गंजून झिजला होता. मामा म्हणाले, ''ग्रीस मारून द्या, गावाकडं जाऊन बदलतो.'' उस्तादांनी मान हलवली. ग्रीसनं चार दिवस आवाज बसेल, झीज भरून येणार नाही. आवाज गेला म्हणून तुम्ही बिनघोर व्हाल, आणि एक दिवस गोळा वाटीतून निसटला की ते चाक आपल्या मनानं वळेल. हातात स्टिअरिंग असून नसल्यासारखं. भरलेली गाडी, बिजासनचा उतार... मामा खाली बसले. पुढं बराच वेळ ना मराठी, ना कन्नड.

काम तासाभराचं. स्प्लिट पिन काढून नट ढिला केला, हातोडीचे नेमके ठोके देऊन सांधा सोडवला. जुना एन्ड किती फेऱ्यांत निघाला ते मोजलं आणि नवा तेवढ्याच फेऱ्या आत बसवला, म्हणजे चाकाची दिशा फारशी बिघडत नाही. लॉक नट आवळला, स्प्लिट पिन नवी घातली. उजव्या बाजूचं रबर आणि सांधा चांगला होता, तो बदलला नाही. शेवटी अलाइनमेंट मात्र करून घ्याच म्हणाले, नाहीतर महिन्याभरात टायर खाऊन टाकेल.

ट्रायलला उस्तादांनी स्वतः गाडी घेतली. जाता जाता एका जुन्या भिंतीपाशी वेग कमी केला. युनियन कार्बाइडचा बंद कारखाना. समोर आई आणि मुलाचा स्मारक-पुतळा आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथूनच मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. पण त्या रात्रीच्या आधीही कारखाना बोलत होता. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूनं तिथल्या एका कामगाराचा जीव गेला होता. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून धोक्याची सूचना दिली होती. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तही लिहिलं. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही. उस्ताद त्याबद्दल फार बोलले नाहीत. ''इस शहर ने बहुत सुना है,'' एवढंच म्हणाले आणि गिअर टाकला. चाकाच्या सांध्याची आणि त्या रात्रीची बरोबरी कुणी करू नये. पण हा म्हातारा प्रत्येक गाडीला आधी 'कधी बोलते' हे का विचारतो, ते मला तिथं उमगलं.

परत आल्यावर त्यांनी भोपाळची मिठाचा चहा पाजला. पहिला घोट विचित्र लागतो, दुसऱ्याला जमतं. मामांनी पैसे देताना वाकून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर मामांनी गाणं लावलं नाही. बिजासन घाट पूर्ण उतरेपर्यंत आम्ही दोघे फक्त ऐकत होतो. इंजिन, टायर, वारा. मधलं ते 'टक' नव्हतं. शिरपूरला अक्काचा फोन आला. ''वाजतंय का रे?'' मामांनीच फोन घेतला. ''इल्ल अव्वा, वाजत नाही,'' आणि मग थोडं थांबून म्हणाले, ''तू विचारलंस म्हणून बरं.''

घरची गाडी घेऊन लांब निघणार असाल तर निघण्याआधी दहा मिनिटं गाणं बंद ठेवा, काचा खाली घ्या आणि एका खड्ड्यावरून सावकाश न्या. काही वाजलं तर कधी वाजतं तेवढं लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगा. आणि शेजारी बसलेलं कुणी म्हणालं, ''काहीतरी वाजतंय,'' तर 'एन आगंगिल्ल' म्हणू नका.