आजीनें पाहिलेला हेलकावा

नवी वस्तु घरांत आली म्हणजे पहिल्याच आठवड्यांत तिच्यांत कांहीं उणें आहे असें म्हणणारा माणूस कोणासच रुचत नाहीं. त्यांतून तो माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा असला, त्याच्या डोळ्यावर नुकतेंच शस्त्रकर्म झालेलें असलें, आणि ती वस्तु स्मार्टफोन असली, तर त्याचें बोलणें ऐकून घेणारा मिळणेंच कठीण. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत केळशीस आमच्या आजीची हीच अवस्था झाली होती. तिच्या तक्रारीचा माग काढतां काढतां मला जें समजलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

केळशी हा दापोली तालुक्याच्या उत्तर अंगाचा गांव. एकीकडे भारजा नदीची खाडी, दुसरीकडे समुद्र, मधें सुरूचें बन, महालक्ष्मीचें देऊळ आणि नारळीपोफळींच्या बागा. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, त्यांत दापोली व मंडणगड तालुक्यांतील बागांची जी वाताहत झाली ती पाहिलेला माणूस अद्यापि तिच्याविषयीं हळू आवाजांतच बोलतो. आमच्या पोफळी निम्म्याहून अधिक आडव्या झाल्या. नवीन लावलेलीं झाडें आतां कोठें धरूं लागलीं आहेत. त्या सुपारीच्या विक्रीचा पहिला पैसा हातांत आला तेव्हां काकांनीं आईसाठीं नवा फोन आणिला. बाजारांत येऊन महिनाहि न झालेला. तेव्हां या फोनला नांवें ठेवणें म्हणजे काय, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आजीस वाचनाचा नाद मोठा. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध होऊं लागलेला मराठी विश्वकोश आतां इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतो. दुपारीं ओटीवर बसून त्यांतली कधीं नारळावरची, तर कधीं भरतीओहोटीवरची नोंद ती वाचीत असे. मोतीबिंदु वाढला तसें हें वाचन बंद पडलें. माघ महिन्यांत उजव्या डोळ्याचें शस्त्रकर्म होऊन आंत कृत्रिम भिंग बसलें, आणि दोन महिन्यांनीं नवा फोन आला. आतां वाचन पुन्हां सुरू व्हावें, तों आजी म्हणाली, “अरे, अक्षरं हालतायत. खरवस हालावा तशी.”

दुकानदारास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “आजी, नवा फोन आहे, चार दिवसांत बसेल.” काका म्हणाले, “आई, तुझा डोळा अजून कच्चा आहे.” दोघांचा हेतु चांगलाच होता. परिणाम मात्र असा झाला कीं, डोळ्यांतलें भिंग सरकलें असावें हें आजीच्या मनानें घेतलें. तिनें फोन कपाटांत ठेविला. पुन्हां डॉक्टरांकडे जावें लागणार, पुन्हां खर्च होणार, या विचारानें तिला रात्रीं झोंप येईना. मी केळशीस पोंचलों तो या वेळीं.

येथें थोडें विषयांतर करून फोनच्या पडद्यावर पान सरकतें म्हणजे काय होतें, तें सांगितलें पाहिजे. वस्तुतः तेथें कांहींच सरकत नाहीं. सिनेमाच्या पडद्यावर जसें एकामागून एक स्थिर चित्र येतें व डोळा त्यांची सांखळी जोडून घेतो, तसेंच हें आहे. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या रोपाचें रोज थोडें थोडें चित्रण करून तें रोप पडद्यावर भराभर वाढतांना दाखविलें होतें. त्यांतलें प्रत्येक चित्र निश्चलच होतें. (याच खटपटीच्या काळांत अतिश्रमानें फाळक्यांना कांहीं दिवस दिसेनासें झालें होतें, ही गोष्ट मीं आजीस मुद्दाम सांगितली.) १९१३ सालच्या त्या मूकपटांच्या काळांत सेकंदास सुमारें सोळा चित्रें पुरत; बोलपट आले तेव्हां तीं चोवीस झालीं. साध्या फोनवर तीं साठ असतात, नव्या फोनवर नव्वद किंवा एकशेंवीस.

साठ चित्रें म्हणजे एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग, अर्थात् सुमारें सतरा सहस्रांश सेकंद. तेवढ्या अवकाशांत बोट कोठें आहे हें पाहणें, पान किती सरकवावयाचें तें ठरविणें आणि सारी अक्षरें पुन्हां जागच्या जागीं मांडणें, हीं सर्व कामें फोननें उरकलीं पाहिजेत. वेळ चुकली तर तें चित्र हुकतें, जुनेंच चित्र आणखी एक खेप दिसतें आणि पान अडखळतें. आपल्या देवनागरीचें काम तर रोमन लिपीहून नाजूक. ‘कि’ हें अक्षर घ्या. फोनच्या पोटांत आधीं क येतो व मागून वेलांटी. पण काढतांना वेलांटी क च्या डावीकडे न्यावी लागते. ‘लक्ष्मी’ या दोन अक्षरी नांवांत क, ष, म यांची एकत्र मोट बांधावी लागते ती वेगळीच. चांगले फोन एकदां बांधलेली मोट जपून ठेवितात आणि पुन्हां तीच वापरतात, म्हणून हें ओझें आपल्याला सहसा जाणवत नाहीं.

आजीच्या फोनवर पहिले कांहीं दिवस हें अडखळणें होतें, हें काकांनाहि मान्य होतें. बोट वर जाई व पान त्याच्या मागून रेंगाळत येई. नवा फोन प्रथम सुरू झाला कीं जुन्या फोनमधील चित्रें व पत्रें उतरवून घेणें, त्यांची मांडामांड करणें, निरनिराळ्या कार्यक्रमांच्या नव्या आवृत्त्या आणणें, असा संसार आंतल्या आंत चाललेला असतो. त्यामुळें हातचें काम मागें पडतें. तो संसार आटोपला आणि रेंगाळणेंहि थांबलें. दुकानदाराचें भाकीत एवढ्यापुरतें खरें ठरलें, आणि हेंच आजीस बाधलें. एक खोड गेली तेव्हां दुसरीहि गेलीच असली पाहिजे, असें सर्वांनीं गृहीत धरलें.

मीं फोन कपाटांतून काढविला आणि आजीस म्हटलें, “आजी, तूं फक्त काय दिसतें तें सांग. कां दिसतें तें मागाहून पाहूं.”

प्रथम तिनें उजवा डोळा झांकून डाव्यानें पाहिलें. मग डावा झांकून उजव्यानें. डावा डोळा अजून मोतीबिंदूनें धूसर आहे, त्यांत भिंगबिंग कांहीं नाहीं. तरीहि पान सरकवितांना हेलकावा दोन्ही डोळ्यांना दिसला. एकास अंधुक, दुसऱ्यास स्वच्छ. नंतर छापील पंचांगाचें पान मीं तिच्यापुढें तितक्याच वेगानें वरखालीं हालविलें. त्यांतलीं अक्षरें मुळींच लवलीं नाहींत. भिंग सरकलें असतें तर पंचांगहि लवलें असतें. आजी कांहीं बोलली नाहीं, पण तिनें पंचांग माझ्या हातून घेऊन स्वतः आणखी दोनदां हालवून पाहिलें.

आतां उरला फोन. फोनचा पडदा आडवा धरून पान सरकविलें, तेव्हां ओळी एका बाजूस कलत्या दिसूं लागल्या. बोट उलट फिरविलें कीं दुसऱ्या बाजूस कलत. आजीचा जुना फोन तसाच आडवा धरला, तर त्यांतहि ओळी कलत होत्या! माझी चुलत बहीण म्हणाली, “मग दोष कुठला? दोन्ही सारखेच.” पण आजी म्हणाली, “सारखे नव्हेत. हा उलटा कलतो.”

हें वाक्य ऐकलें आणि मला पुढचा मार्ग दिसला. पडद्यावरचें चित्र एकदम उमटत नाहीं. रांगोळी काढणारी बाई जशी एका कडेपासून सुरुवात करून दुसऱ्या कडेस जाते, तसें तें एकेक ओळ करून भरत जातें. सेकंदाच्या साठाव्या भागांत सुरुवात एका टोंकास होते व शेवट दुसऱ्या टोंकास. आतां हिशोब करा. पडदा पंधरा सेंटिमीटर उंच आहे आणि अर्ध्या सेकंदांत पान तेवढें वर सरकलें असें धरूं. म्हणजे वेग सेकंदास तीस सेंटिमीटर. सेकंदाच्या साठाव्या भागांत पान अर्धा सेंटिमीटर पुढें जावयास पाहिजे आणि आपला डोळा त्याच वेगानें त्याच्या मागोमाग फिरत असतो. पण पडद्याच्या पहिल्या ओळीनंतर शेवटची ओळ तेवढ्या अवकाशानें उमटते. चित्र वरून खालीं भरत असेल, तर वर जाणारें पान डोळ्यास अर्ध्या सेंटिमीटरनें लांबलेलें दिसतें. खालून वर भरत असेल, तर तेवढेंच आखडलेलें. बोटाची दिशा बदलली कीं लांबलेलें आखडतें व आखडलेलें लांबतें. पंधरांत अर्धा म्हणजे तिसांत एक. कोणी म्हणेल, एवढ्याशानें काय होतें? पण पान खालीं वर करणाऱ्याच्या डोळ्यापुढें हें लांबणें-आखडणें सारखें आलटून पालटून चालतें, आणि त्याला खरवसाहून नेमका शब्द मला तरी सुचत नाहीं.

बहिणीच्या फोनमध्यें सेकंदास दोनशें चाळीस चित्रें टिपण्याची सोय होती. पांढरा व काळा रंग आलटून पालटून दाखविणारी एक लहानशी चित्रफीत आम्हीं तयार केली, ती दोन्ही फोनवर लाविली आणि तिचें चित्रण करून अगदीं सावकाश पाहिलें. जुन्या फोनवर काळ्या रंगाची कड वरून खालीं उतरत होती. नव्या फोनवर तीच कड खालून वर चढत होती. आजीनें दोन्ही चित्रणें तीन तीन वेळां पाहिलीं. मग तिनें काकांना परसांतून हांक मारून बोलाविलें.

असली तक्रार जगांत पहिलीच नव्हे. २०१७ सालीं वनप्लस ५ हा फोन निघाला तेव्हां देशोदेशींच्या लोकांनीं हेंच गाऱ्हाणें केलें होतें. त्या फोनांत पडदा उलटा बसविलेला आहे, असें जाणकारांच्या निदर्शनास आलें. कंपनीचें म्हणणें पडलें कीं हा डोळ्यास होणारा स्वाभाविक भास आहे. २०२१ सालीं अॅपलच्या आयपॅड मिनीविषयीं, पान सरकवितांना त्याची एक बाजू दुसरीच्या मागें राहते, असा बोभाटा झाला. अशा पडद्यांत ओळी निरनिराळ्या क्षणीं उमटत असल्यामुळें हें चालावयाचेंच, असें उत्तर त्या वेळीं मिळालें. उत्तर खोटें नाहीं. प्रत्येक पडद्यांत थोडाबहुत हेलकावा असतो. पण वर्षानुवर्षें एकाच दिशेचा पाहून डोळ्यास त्याची संवय झालेली असते, आणि दिशा उलटली म्हणजे तो खुपतो. मात्र ‘स्वाभाविक’ या शब्दानें विकत घेणाराचें समाधान व्हावें अशी अपेक्षा करणें मला तरी न्याय्य वाटत नाहीं. ही गोष्ट पेटीवर छापीत नाहींत, आणि दुकानांत उभ्या उभ्या कोणी पान पांच मिनिटें खालीं वर करून पाहत नाहीं.

काका फोन घेऊन दुकानांत गेले. दुकानदारानें सारें शांतपणें ऐकून घेतलें, चित्रणहि पाहिलें, आणि कंपनीच्या नियमांत हा दोष बसत नसल्यानें फोन परत घेतां येणार नाहीं असें सांगितलें. तेव्हां आम्हीं घरींच काय होण्याजोगें होतें तें केलें. बॅटरी पुरावी म्हणून फोन साठ चित्रांवर ठेविलेला होता, तो नव्वदांवर नेला; त्यानें हेलकावा कमी झाला, गेला नाहीं. अक्षरें मोठीं केलीं. पान सरकत असतांना वाचावयाचें नाहीं, बोट उचलून तें थांबूं द्यावयाचें व मग वाचावयाचें, ही युक्ति आजीनें आपली आपणच काढिली. डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारून घेतलें. त्यांनीं ठरल्या तारखेच्या आधीं येण्याची गरज नाहीं असें सांगितलें. त्या रात्रीं आजी लौकर निजली.

काकांनीं तिची समजूत घालण्याच्या सुरांत म्हटलें, “आई, तुझं बरोबर होतं हो.” त्यावर ती म्हणाली, “बरोबर होतं तें मला पहिल्या दिवशींच ठाऊक होतं. डोळा गेला नाहीं ना, एवढंच मला पाहायचं होतं.”

गणपतीला पुन्हां केळशीस गेलों. ओटीवर आजी विश्वकोश वाचीत बसली होती आणि तिचें बोट न थांबतां पानें सरकवीत होतें. हेलकावा कसा काय आहे म्हणून मीं विचारलें. तिनें मान हालविली. आतां दिसत नाहीं म्हणाली. मीं फडताळांतला जुना फोन काढून तिच्या हातांत दिला. तिनें चार पानें वर नेलीं, दोन खालीं आणिलीं, चष्मा नीट केला आणि म्हणाली, “अरे, आतां हा हालतोय.”