फ्रीजरमधलं वरण

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो आठवतात. मधल्या काळात माणूस जेवतो काय, हे कुणी विचारतच नाही. तर बॉस, मधल्या काळात माणूस डबे खातो. फ्रीजरमधून काढून गरम केलेले, छोटे छोटे डबे. आणि ते घेऊन तुम्ही बाभुळगावात राहायला आलात, की खरी गंमत सुरू होते!

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. तेव्हा वजन ११२ किलो, उंची पाच फूट तीन इंच. गावाकडे हे नाव सांगत बसायची गरज पडत नाही. ‘गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन केलं होतं ना, तसलंच,’ एवढं म्हटलं की काम होतं. यात पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं पोट. पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी साधं जेवण. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन, तेही ताटातलं सगळ्यात आधी खायचं. घास चावून चावून गिळायचा, जेवताना पाणी नाही, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर.

आता हे सगळं नोकरी सांभाळून कसं जमवायचं? मी डेडलाइनवर जगणारी फ्रीलान्सर. मग फ्रोजन डाएट मील्स आणली. सॉल्लिड सोय वाटली! डबा काढा, मायक्रोवेव्हमध्ये टाका, खा. पण लेबल नीट वाचलं आणि फंडा लक्षात आला. हे डबे आपल्यासाठी नसतातच. अमेरिकेत १९८१ मध्ये ‘लीन क्विझीन’ आलं तेव्हापासून या प्रकाराचा हिशोब कॅलरीचा आहे. अख्खं पोट असलेल्या माणसाला कमी कॅलरीत जेवल्याचं समाधान द्यायचं. आमचा प्रॉब्लेम उलटा. पोट चार घासांत भरतं, म्हणजे त्या चार घासांत प्रोटीन बसवायला हवं. माझ्या एका डब्यात भात भरपूर आणि प्रोटीन जेमतेम आठ ग्रॅम! शिवाय एक डबा म्हणजे माझी दोन जेवणं, आणि एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. मग ओळखीच्या एका ताईंकडून छोटे डबे करून घ्यायला लागले. पनीर भुर्जी, अंडा करी, घट्ट मुगाचं वरण.

एप्रिल २०२५ मध्ये लॅपटॉप आणि बर्फाच्या पेटीत डबे घेऊन घरी आले. धामणगावला ट्रेनमधून उतरून बाभुळगावपर्यंत डबे गार राहिले, याचाच मला केवढा अभिमान! आईनं फ्रीजर उघडला आणि बघतच राहिली.

‘हे कधीचं हाय?’

‘आठ दिवसांपूर्वीचं.’

‘आठ दिसाचं शिळं खाऊन राह्यली तू? अन् मी काय मेली का?’

झालं! शेजारच्या काकू आल्या की पहिला प्रश्न तोच, ‘काहून वं, आईच्या हातचं चालत नाही का आता?’ त्यांना कसं सांगणार, की आईच्या हातचंच सगळ्यात अवघड आहे? आईचं प्रेम वाढण्यात आहे. ‘अजून एक घे’ म्हणायचं आणि ताटात टाकायचं. माझ्या पोटात आता त्या ‘अजून एक’ला जागाच नाही. एका शेतात रोडग्यांचं जेवण होतं. सगळी पंगत रोडगे कुस्करून वांग्याची भाजी ओढतेय आणि मी माझी छोटी डबी उघडून बसलेली. रोडग्याचा एक तुकडा खाल्ला, तो छातीतच अडकला. उठून बांधावर जाऊन उभी राहिले. आई मागून आली, काही बोलली नाही. तिचा चेहरा बघून वाटलं, ऑपरेशन माझं झालं, पण काहीतरी तिच्याकडूनही काढून घेतलं गेलंय.

मग एका दुपारी लाइट गेली ती रात्रीच आली. आमच्या सिंगल डोअर फ्रिजचा वरचा खण तो केवढा! निम्मे डबे वितळले, फेकून द्यावे लागले. मी रडकुंडीला आले. आई शांतपणे म्हणाली, ‘काय काय अन् किती पायजे, ते लिहून दे.’

दिलं लिहून. तिनं स्वयंपाकघरातली सगळ्यात छोटी वाटी काढली आणि तेच माप ठरलं. तुरीचं घट्ट वरण, पनीर, अंडी. आणि सोयाबीन! आमच्या तालुक्यात सोयाबीन ट्रॉली भरभरून विकलं जातं, पण घरात कुणी खात नाही. मी मात्र पुण्यात प्रोटीन पावडरच्या डब्यांवर पैसे उडवत होते. आईनं सोयाबीन भिजवून, चांगलं शिजवून, वाटून झुणक्यात घातलं. एका वेळी तीन-चार दिवसांच्याच वाट्या भरून गोठवायच्या, म्हणजे लाइट गेली तरी नुकसान थोडं. प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी, त्यावर तिच्या अक्षरात वार. आता ती याला शिळं म्हणत नाही, ‘भरून ठेवलेलं’ म्हणते.

फ्रोजन जेवणाला नावं ठेवायची नाहीत मला. रात्री दहाला काम संपवून उठल्यावर डोकं बंद असतं, तेव्हा हात बिस्किटांकडे जातो. आणि बिस्किट, आइस्क्रीम छोट्या पोटातूनही सहज उतरतं, तीच तर गोची. अशा वेळी मोजून ठेवलेली वाटी वाचवते. फक्त डबा विकत घेणार असाल तर ‘लो कॅलरी’ या अक्षरांना भुलू नका. मागे उलटून प्रोटीन किती, मीठ किती ते बघा, आणि आपल्या डाएटिशियनला दाखवा. रविवारी मात्र मी फ्रीजर उघडत नाही. सगळ्यांबरोबर ताजं जेवते. चार घास, अर्धा तास.

आता वजन ७८ आहे. लोक फोटो मागतात, टिप्स मागतात. माझी एकच टिप आहे, आणि ती ऑपरेशन न झालेल्यांसाठी. तुमच्या ऑफिसमध्ये कुणी असं छोटीशी डबी उघडून हळूहळू खात बसलं असेल, तर ‘एवढंच?’ म्हणू नका. ‘घे ना थोडं’ असा आग्रहही नको. आपला डबा घेऊन शेजारी बसा, आणि त्याचं होईपर्यंत उठू नका.