पुस्तक मिटल्यावर





अर्धवार्षिक परीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी दहावीतली एक मुलगी माझ्या खोलीत आली. हातात विज्ञानाची उत्तरपत्रिका, डोळे भरलेले. म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात ना, अजून वाच म्हणून? मी पुस्तक चार वेळा वाचलं. तरी पेपर हातात आला आणि काही आठवेचना."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. पण खरं सांगते, त्या वेळी मलाच ओशाळल्यासारखं झालं. ज्या वाटेने जाऊन मी स्वतः आपटले होते, तीच वाट घाईघाईत मी तिला दाखवली होती.

गोष्ट १९८८ सालची. मी इथेच, इंदुरात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घरात मराठी, कॉलेजात सगळं हिंदीतून. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लाल पेन्सिलीने इतक्या खुणा केल्या होत्या की कोरी ओळ शोधावी लागे. रात्री अकरापर्यंत पुस्तक उघडं. शेजारीपाजारी कौतुक करायचे, "पोरगी किती पढते!" निकाल लागला आणि त्याच विषयात सप्लिमेंटरी आली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. फी भरायला पोस्टातून पैसे काढून आणले आणि माझ्यासमोर ठेवले. ते न बोलणंच जास्त लागलं. इतकं वाचूनही मी काही वाचले नव्हते!

त्या उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जायची. एकदा अशीच गेली. मी पुस्तक मिटून ओसरीवर बसले. ताई सहज म्हणाली, "काय वाचत होतीस, सांग." मी हिंदीत सुरू केलं, "शैवाल और कवक में..." तिने मध्येच अडवलं. "कवक म्हणजे आपली बुरशीच ना? मग तिच्यात आणि शेवाळात फरक काय?" मी गप्प. अर्ध्या तासापूर्वी तेच पान वाचलं होतं. वाक्यं पाठ होती, पण त्यातलं ताईला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. वीज आल्यावर पुन्हा पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की शेवाळात हरितद्रव्य असतं, ते आपलं अन्न स्वतः तयार करतं. बुरशीला ते जमत नाही. ही गोष्ट आजतागायत विसरलेले नाही.

मग रोजचा तोच परिपाठ झाला. वीज असो-नसो, पुस्तक मिटायचं आणि ताईला मराठीत सांगायचं. जिथे अडखळले, तेवढंच पुन्हा उघडून बघायचं. सप्लिमेंटरी सुटली.

पुढे शिक्षिका झाल्यावर एक गंमत लक्षात आली. हिंदीत 'पढ़ना' म्हणजे वाचणं आणि शिकणंही. त्यामुळे वाचलं की शिकून झालं असंच मला वाटत राहिलं. मराठीत आपण 'अभ्यास' म्हणतो, आणि हिंदीत याच शब्दाचा अर्थ आहे सराव! म्हणजे घरात रोज कानावर पडणाऱ्या शब्दातच उत्तर होतं. (तशी आपल्या मुलांना दुसरी गंमतही ठाऊक आहे: हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की छडी होते.)

ही नुसती माझी समजूत नाही. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्याच दिवसात निसटतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे आपल्याला माहीतच आहे.

तेव्हा मुलांनो, बोर्डाच्या परीक्षेसाठी एवढं करा. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तकाशी ताडून बघा आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. तोच मुद्दा दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने आठवून बघा. जुने प्रश्नपत्र नुसते चाळू नका, घड्याळ लावून सोडवा. आठवत नाही म्हणून घाबरू नका. आठवायची धडपड हाच अभ्यास आहे. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको, झोपेतही शिकलेलं पक्कं होत असतं.

पालकांना विनंती, "किती तास बसलास?" असं विचारू नका. "आज काय शिकलास, मला सांग," असं विचारा. पुस्तक हिंदी-इंग्रजीचं असेल, तुम्हाला विषय येत नसेल, तरी चालेल. उलट न समजणारा श्रोता जास्त चांगला, कारण त्याला समजावून सांगावं लागतं. आणि ते मराठीत सांगितलं तर आपली भाषाही घरात टिकेल.

विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. आपली बरीच मुलं दोन खोल्यांच्या घरात राहतात. परीक्षा संपेपर्यंत शाळेचा हॉल रोज संध्याकाळी दोन तास उघडा ठेवावा. मी स्वतः तिथे बसेन.

त्या मुलीची मी माफी मागितली आणि तिला ही पद्धत सांगितली. आता ती रोज रात्री आजीला विज्ञान सांगते. परवा व्हरांड्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, पाच मुद्द्यांपैकी तीनच आठवले. पण कोणते दोन राहिले, ते कळलं."

मी म्हटलं, "मग आता तेवढेच दोन वाच."

सर्वांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या