तितर हलाल आहे, मग गुन्हा कसा?

धरमतरच्या माळावर चैत्रात तितर ओरडू लागला की आमचे नाना म्हणत, शिकाऱ्याचा हंगाम हाच. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर, आपल्या हद्दीत कोण शिरलं म्हणून धावत येतो आणि फाशात अडकतो. अमेरिकेत वसंतात रानटी टर्कीलाही मादीचा आवाज काढून असंच बोलावतात. पण तिथे परवाना लागतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली.

परवा वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, तितर हलाल आहे ना? मग गुन्हा कसा?"

मी सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं जायज आहे का, या शंकेने ते मामांकडे गेले आणि पुढे पक्षिशास्त्राकडे वळले. १९३० मध्ये खाडीपलीकडे, किहीमला त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला.

"हलाल म्हणजे परवानगी, हुकूम नव्हे," मी म्हणालो. "एहरामात तर रानातली शिकार मनाच आहे. विणीच्या दिवसांत नर मारला तर पुढच्या वर्षी ओरडणार कोण?"

पोरगा म्हणाला, "आमच्या घरी पिंजरा आहे, सर. अब्बांना तुम्हीच सांगा."

येत्या रविवारी जाणार आहे.