‘येतों’ म्हणून निघावें

आमच्या माणदेशास निरोप कांहीं नवा नाहीं. पाऊस थोडा, जमीन हलकी आणि माणगंगेंत पाण्यापेक्षां वाळूच अधिक. तेव्हां पोटासाठीं बाहेर पडणें आटपाडीकराच्या नशिबीं पिढ्यान्‌पिढ्या आहे. मेंढपाळ आपलीं बिऱ्हाडें घोड्यांवर लादून चाऱ्यासाठीं दूरच्या मुलखास जातात. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यांतले तरुण तर देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. जो कोणी निघतो त्याच्या तळहातावर घरची वडील बाई दही घालते. चार माणसें वेशीपर्यंत, अलीकडे बसस्थानकापर्यंत, पोंचवावयास जातात. आणि निघणारा ‘जातों’ असें कधीं म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. ख्रिस्ती घरांत ह्या वेळीं एक लहानशी प्रार्थना होते, एवढाच काय तो फरक.

हा सर्व रिवाज ठाऊक असूनही आम्ही एकदां स्वतःच्याच घरांतून चोरासारखे बाहेर पडलों. ती हकीकत शाळेच्या वार्षिकांत सांगण्याजोगी नव्हे असें पुष्कळ दिवस वाटत होतें. परंतु दरसाल जून महिन्यांत वसतिगृहाच्या फाटकाशीं जें दृश्य दिसतें तें पाहून ती सांगावी असें ठरविलें आहे.

आठ वर्षांपूर्वीं पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशांत, मोंबासा शहराजवळील मंडळीच्या एका शाळेंत, दोन वर्षें गणित शिकविण्याकरितां आम्हांस बोलावणें आलें. पत्नीसही तेथील लहान मुलांच्या वर्गावर काम मिळत होतें. अशा सेवेची इच्छा आम्हीं विद्यार्थिदशेपासून बाळगली होती. प्रश्न होता तो आमच्या आठ वर्षांच्या चिरंजिवाचा. दोन वर्षांकरितां त्याची शाळा मोडूं नये म्हणून त्यास आटपाडीस आजीआजोबांपाशीं ठेवावें, असें आम्हीं वडील माणसांनीं ठरविलें. त्याला कोणीं विचारलें नाहीं.

मुंबईस जाणारी गाडी पहाटे साडेचार वाजतां होती. बोचकीं बांधून झालीं, प्रार्थना झाली. मुलगा आंतल्या खोलींत गाढ झोपला होता. आमच्या मातोश्री म्हणाल्या, “उठीव त्याला. रडंल, पण रडूं दे. निरोप घेतल्याबिगर जाऊं नगा.” आम्ही म्हणालों, “राहूं दे, आई. झोपमोड कशाला?” त्याच्या अंगावरचें पांघरूण सारखें करून आम्ही उभयतां बाहेर पडलों. त्या वेळीं आम्हांस वाटलें कीं आपण त्याच्यावर मोठी दया केली.

मोंबासाचें घड्याळ आपल्याहून अडीच तास मागें चालतें. पण तेथील लोकांची वेळ मोजण्याची रीत त्याहूनही निराळी आहे. विषुववृत्त जवळ असल्यानें बारा महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून सकाळीं सात वाजले कीं ते ‘साआ मोजा’, म्हणजे पहिला तास, असें म्हणतात. शुभवर्तमानांत तिसरा तास, सहावा तास असे उल्लेख येतात. ते येथें वर्गांत समजावून देतांना आम्हांस किती खटपट पडे! तेथें तें मुलांनींच आम्हांस समजावून दिलें.

पहिल्या तासापूर्वींच मुलें शाळेचें आवार झाडून काढीत. पाणी पिंपांत भरून ठेवून पुरवून वापरावें लागे. माणदेशांत वाढलेल्यास ती संवय होतीच. दुपारच्या जेवणास मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा, ज्याला ‘उगाली’ म्हणतात तो, आणि त्याबरोबर ‘सुकुमा विकी’ नांवाची पालेभाजी. ह्या नांवाचा अर्थ ‘आठवडा ढकलणें’ असा आहे. हात आंखडला असतां जी भाजी आठवडा पुढें ढकलते, तिला ह्याहून चांगलें नांव आमच्या आजीसही सुचलें नसतें. भाषेचें भय दोन महिन्यांत गेलें. गणितास ‘हेसाबू’, पुस्तकास ‘किताबू’, लेखणीस ‘कालामू’, साबणास ‘साबुनी’, पैशास ‘पेसा’, आणि चपातीस चपातीच! शेंकडों वर्षें गलबतें ह्या किनाऱ्याहून त्या किनाऱ्यास जात राहिलीं, त्यांतून शब्दही गेले आणि आले. मुलें आम्हांस ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे गुरुजी.

दिवस असे कामांत सरत. रविवार मात्र कठीण जाई. त्या दिवशीं आम्ही आटपाडीस मोबाइल लावीत असूं. मातोश्री बोलत, वडील पावसाचें व डाळिंबाच्या बागेचें सांगत. परंतु चिरंजीव कधींही बोलावयास आले नाहींत. “तो खेळायला गेलाय,” असें मातोश्री सांगत, आणि मागें त्याचाच आवाज आम्हांस ऐकूं येई. असे सहा महिने गेले.

त्या दिवसांत आम्हांस वरचेवर गॉर्डन हॉल ह्यांची आठवण होई. ते फेब्रुवारी १८१३ मध्यें अमेरिकेहून मुंबईस आले, मराठी शिकले, आणि नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठीं झिजले. १८२५ मध्यें प्रकृतीच्या कारणानें त्यांनीं पत्नी व दोन मुलगे ह्यांस अमेरिकेस जाणाऱ्या जहाजावर चढविलें. थोरला मुलगा वाटेंत समुद्रावरच वारला. पुढल्याच वर्षीं, मार्च १८२६ मध्यें, नाशिककडील प्रवासांत हॉलसाहेबांस पटकी होऊन त्यांचाही अंत झाला. पत्रास महिनेच्या महिने लागण्याचा तो काळ. परदेशी सेवकांनीं आपल्यासाठीं काय आणलें हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्यांनीं मागें काय ठेवलें, आणि त्यांच्या मुलांनीं काय सोसलें, ह्याचा विचार मात्र प्रथम तेथें मनांत आला. त्यागाविषयीं आम्हीं पुष्कळ प्रवचनें केलीं होतीं. आतां कळलें कीं आमच्या त्यागाचा मोठा भाग एका आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आम्हीं न विचारतां ठेवला होता.

मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर फ्रेअरटाऊन नांवाची जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तेथें एक मोठी घंटा आहे. तिच्यावरून त्या जागेस केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशीं, असें नांव पडलें. गुलाम पकडणारे येत आहेत असें दिसतांच लोकांस सावध करण्यासाठीं ती वाजवीत. वस्तीचें नांव ज्यांच्यावरून पडलें ते सर बार्टल फ्रेअर आपल्याकडीलच एक जुने अधिकारी. १८४७ पासून ते साताऱ्यास रेसिडेंट होते. आमची आटपाडी ज्या औंधच्या प्रतिनिधींच्या मुलखांत होती, ते प्रतिनिधि सातारच्या छत्रपतींचेच मांडलिक. पुढें फ्रेअर मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि त्यांनीं सुरू केलेल्या वाटाघाटींनंतर जून १८७३ मध्यें झांझिबारच्या सुलतानानें गुलामांचा बाजार बंद केला.

फ्रेअरटाऊनचा आपल्याशीं ह्याहूनही जवळचा संबंध आहे. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें इंग्रजी आरमारानें पकडलीं म्हणजे त्यांतील आफ्रिकी मुलें मुंबईस उतरवीत. त्यांपैकीं कित्येकांस नाशिकजवळील शरणपूर येथें, मिशनच्या आश्रमांत, लिहावाचावयास व हातचे धंदे शिकवीत. गोदावरीच्या कांठीं वाढलेलीं हींच मुलें पुढें आफ्रिकेस सेवक होऊन परत गेलीं. विल्यम जोन्स व जॉर्ज डेव्हिड हे १८६४ मध्यें मोंबासाकडे गेले. जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या अखेरच्या प्रवासांत त्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्यें त्यांचा मृत्यु झाल्यावर तें शव समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत पेटीस हात लावणाऱ्यांतही तो होता. त्यानंतर फ्रेअरटाऊन वसलें तेव्हां शरणपूरचेच पाद्री प्राइस तेथें गेले, आणि नाशिककडील बरींच माणसें त्या वस्तींत राहावयास आलीं.

आमच्या मंडळींत एक वृद्ध बाई होत्या. सर्वजण त्यांस ‘बीबी’, म्हणजे आजी, म्हणत. आम्ही महाराष्ट्रांतले असें कळतांच त्यांनीं आमचा हात धरला व म्हणाल्या, “आमचे पणजोबा नासिकहून आले.” नाशिक त्यांनीं पाहिलें नव्हतें, पण तें नांव त्यांच्या घरांत चार पिढ्या टिकलें होतें. एके दिवशीं चहा घेतां घेतां त्यांनीं विचारलें, “तुम्ही घरून निघालां तेव्हां तुम्हांस पोंचवावयास कोण कोण आलें? मुलगा काय म्हणाला?”

आम्ही म्हणालों, “मुलगा झोपला होता.”

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोले साना.” दुसऱ्याच्या दुःखांत सहभागी होतांना तेथें असें म्हणतात. नंतर हळूच म्हणाल्या, “आमच्या पणजोबांना लहानपणीं घरून ओढून नेलें. त्यांना आईचा निरोप घेऊं दिला नाहीं. म्वालिमू, तुम्हांला तर कोणीं अडविलें नव्हतें.”

ओढून नेलेलें मूल कोठें आणि आजीच्या मायेंत राहिलेला आमचा मुलगा कोठें! ह्या दोन दुःखांची तुलना होऊं शकत नाहीं, आणि ती बाईंनींही केली नाहीं. त्यांनीं एवढेंच दाखविलें कीं, जें त्या मुलास मिळूंच शकलें नाहीं, तें आमच्या हातांत असून आम्हीं दिलें नव्हतें. आम्ही त्याच्या अश्रूंना भ्यालों, आणि त्या भित्रेपणास दया हें नांव दिलें.

त्या रविवारीं आम्हीं मातोश्रींना सांगितलें, “त्याला बोलवूं नकोस, मोबाइल नुसता त्याच्या कानाशीं धर.” मग आम्ही म्हणालों, “बाळ, न सांगतां निघालों ही आमची चूक झाली.” पलीकडून कांहीं वेळ नुसता श्वास ऐकूं आला. नंतर सहा महिन्यांत प्रथमच तो बोलला, “पप्पा, मला उठवलं का नाही?”

आम्ही म्हणालों, “भीति वाटली.”

तो म्हणाला, “सकाळी मला पण वाटली.”

त्यापुढें दर रविवारीं तो बोलूं लागला. फार नव्हे, पण बोलूं लागला.

दोन वर्षें पुरीं झालीं. निघण्याच्या दिवशीं सकाळींच मुलें, शिक्षक, बीबी व मंडळींतील माणसें दाराशीं येऊन बसलीं. तेथें पाहुण्यास दारांतून निरोप देत नाहींत. त्याच्याबरोबर कांहीं वाट चालून जातात. त्यास ‘कुसिंदिकिझा’ असा शब्दच आहे. आपल्याकडे ज्यास बोळवण म्हणतात तीच ती. कोणीं आमची पेटी घेतली, कोणीं पिशवी. मोठ्या रस्त्यापर्यंत सगळे आमच्याबरोबर चालत आले. तेथें प्रार्थना झाली. प्रेषितांच्या कृत्यांत सोरचे शिष्य बायकामुलांसह पौलास शहराबाहेर पोंचवावयास येतात व सर्वजण समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकतात, तो प्रसंग आम्हीं अनेकदां वाचला होता. त्यांत ‘मुलांसह’ हा शब्द आहे हें त्या दिवशीं ध्यानांत आलें. आम्ही ‘क्वाहेरीनी’ म्हणालों, म्हणजे तुम्हां सर्वांचें बरें असो; आणि मुलें ओरडलीं, ‘करीबू तेना’, म्हणजे पुन्हां या. बीबी मात्र एवढेंच म्हणाल्या, “मुलाला आमचा सलाम सांगा.”

आटपाडीच्या बसस्थानकावर चिरंजीव आजोबांचा हात धरून उभे होते. उंची वाढली होती. तो धांवत आला नाहीं. जवळ येऊन त्यानें आमच्या हातांतली जड पिशवी घेतली आणि पुढें चालूं लागला. विश्वास परत मिळावयास आणखी पुष्कळ दिवस लागले, आणि तें योग्यच होतें.

पालकहो, जून महिन्यांत आपण मुलांस वसतिगृहांत ठेवावयास येतां. मूल नव्या सोबत्यांत रमलेलें पाहून आपल्यापैकीं कित्येकजण मागल्या मागें निघून जातात, आणि तासाभरानें तें मूल आमच्या खोलींत येऊन विचारतें, “आई कुठं गेली?” ह्या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां येत नाहीं. त्याला जवळ घ्या, आपण जात आहों असें सांगा, केव्हां येणार तेंही सांगा, आणि रडूं द्या. रडलेलें मूल रात्रीं झोपतें. फसविलेलें मूल पहाटे दचकून उठतें. आणि विद्यार्थिमित्रहो, सुटी संपवून घरून निघतांना आईवडिलांपुढें उभे राहा व ‘येतों’ म्हणा. तो शब्द लहान आहे. पण मागें राहिलेलीं माणसें त्याच्या आधारावर दिवस काढतात.

गेल्या जूनमध्यें आमचे चिरंजीव पुढील शिक्षणाकरितां पुण्यास गेले. गाडी पहाटेचीच होती. आम्ही आधींच जागे झालों होतों. आंतल्या खोलींत पेटी बंद केल्याचा आवाज आला, मग आजीच्या खोलींतलें बोलणें ऐकूं आलें, आणि मग पावलें आमच्या दाराशीं आलीं. त्यानें आपल्याला उठवावें म्हणून आम्ही डोळे मिटून तसेच पडून राहिलों. त्यानें आमच्या खांद्यास हात लावला व म्हणाला, “पप्पा, उठा. येतो मी.”