खेळातल्या घराची खरेदी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. या दोन कामांत माणसाच्या शहाणपणाची, धीराची आणि गाठीच्या पैशाची परीक्षा होते, असा त्यातील भाव. आजची मुले ही दोन्ही कामे एका दुपारी उरकतात, आणि तीही जागेवरून न उठता. 'द सिम्स' नावाचा संगणकावरील एक खेळ आहे. त्यात घर बांधावयाचे, माणसे वसवावयाची, त्यांस जेवू घालावयाचे, नोकरीवर धाडावयाचे, त्यांची लग्ने लावावयाची. जिंकणे नाही, हरणे नाही; संसार चालविणे एवढाच तो खेळ. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो अद्याप आला नसेल. परंतु शहरात राहणाऱ्या नातवंडांच्या तोंडी त्याचे नाव येऊ लागले आहे, आणि त्याबरोबर 'पॅक घेऊन द्या' हा हट्टही. त्या हट्टाविषयी चार शब्द लिहावे असे वाटते.

हा खेळ रचणारे विल राइट हे अमेरिकन गृहस्थ. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या डोंगरवस्तीत मोठी आग लागली व तीत त्यांचे राहते घर जळाले. संसार पुन्हा उभा करताना, माणसास खरोखर कोणकोणत्या वस्तू लागतात, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला आणि त्यातून पुढे २००० साली हा खेळ बाहेर पडला. जळालेल्या घरातून निघालेल्या या खेळात विकत घेण्याच्या वस्तूंना आज अंत राहिलेला नाही, ही मोठी मौजेची गोष्ट! पहिल्या आवृत्तीस सात जोड-संच निघाले. त्यांस 'एक्स्पान्शन पॅक' म्हणतात. २०१४ साली चौथी आवृत्ती निघाली. तिचा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य मिळतो. मोल पडते ते पॅकला. कंदील फुकट द्यावा आणि रॉकेल विकावे, तसा हा व्यवहार. मोठ्या पॅकची अमेरिकेतील किंमत सुमारे ४० डॉलर. रुपयांत हिशेब केल्यास ती तीन हजारांहून अधिक होते. लहानमोठे सगळे पॅक एकदम घ्यावयाचे म्हटले तर हजार डॉलरही पुरत नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता काही कामानिमित्त आमचे इंदूरास जाणे झाले. तेथे स्नेहलतागंजात मूळचे वसईकडचे एक कुटुंब राहते. त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी आम्ही सायंकाळी गेलो, तो मायलेकींत हाच वाद जुंपलेला. मुलगी चौदा वर्षांची. वाढदिवसाचे आलेले पैसे तिने जपून ठेवले होते आणि त्यांत एकच पॅक बसत होता. "फादर, आता तुम्हीच सांगा हिला," आई म्हणाली, "मरणाचा खेळ विकत मागते आहे."

आम्ही मुलीस तिचे खेळातले घर दाखविण्यास सांगितले. पडद्यावर एक कौलारू घर उभे राहिले. पुढे ओटी, मागे परसात भाजीचे वाफे, आणि ओटीवर पांढऱ्या केसांची एक वृद्धा बसलेली. "ही आजी," ती म्हणाली. तिची आजी त्याच वर्षी मार्च महिन्यात देवाघरी गेली होती. परीक्षा तोंडावर, गाडीत जागा मिळेना. म्हणून आईवडील दोघेच मातीला गेले आणि मुलगी शेजाऱ्यांकडे राहिली. खेळात वय वाढण्याचे थांबविण्याची एक सोय आहे. ती तिने चालू करून ठेवली होती. त्यामुळे ही आजी रोज उठत होती, वाफ्यांस पाणी घालीत होती, आणि कधीच थकत नव्हती.

तिला हवा असलेला पॅक 'लाइफ अँड डेथ' नावाचा. तो ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाला. त्यात माणसास मृत्युपत्र करता येते, मागे राहिलेल्यांस अंत्यविधी करता येतो, शोक पाळता येतो. मृतात्म्यास नवा जन्मही घेता येतो आणि पत्ते मांडून भविष्य सांगितले जाते. या शेवटच्या दोन गोष्टींस आपल्या श्रद्धेत स्थान नाही. पण खेळ तो खेळ, हे मुलास एकदा नीट समजावून सांगितले की पुरे. आम्हांस खटकले ते निराळेच. आम्ही विचारले, "बाळ, हा पॅक घेऊन तू काय करणार?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजीची माती करीन, फादर. मला कोणी नेले नाही."

आई पदराने डोळे पुसत आत गेली. वाद तेथेच संपला. प्रश्न मात्र तेव्हा कोठे सुरू झाला.

आमचे मत आम्ही त्या माउलीस सांगितले ते असे, की या मुलीस जे हवे आहे ते कोणत्याही पॅकमध्ये मिळावयाचे नाही. ते वसईच्या दफनभूमीत आहे, आणि रेल्वेच्या तिकिटास त्याहून फार पैसे पडत नाहीत. २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, जवळच आला होता. त्या दिवशी तिला कबरीवर न्यावे, तिच्या हातून मेणबत्ती लावावी, फुले वाहावीत. मुले लहान आहेत म्हणून त्यांस मरणापासून दूर ठेवावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण दूर ठेवलेल्या मुलाचे दुःख सरत नाही. ते दुसरी वाट शोधते.

मग खरेदीचे काय? पैसे मुलीचेच होते, आणि खेळाविषयी आमचा आकस नाही. आम्ही तिला इतकेच म्हटले, की मूळ खेळ महिनाभर खेळावा आणि रोज कोणती उणीव भासते ते वहीत लिहावे. जी उणीव वारंवार येईल तिच्यासाठी पैसा खर्चावा. जाहिरात पाहून आठवलेली उणीव धरू नये.

इंदूर शहराचीच गोष्ट घ्या. तेथील दरबाराच्या सांगण्यावरून पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने शहराची पाहणी केली आणि १९१८ साली तिचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून नवे बांधण्यापेक्षा आधी हिंडून पाहावे, आणि जेथे अडते आहे तेथेच थोडे मोकळे करावे, ही त्यांची रीत. शहरास जी रीत योग्य, ती दोन खोल्यांच्या संसारास योग्य आणि पडद्यावरील घरासही.

ज्या आईबापांपुढे हा हट्ट येईल, त्यांच्यासाठी आणखी थोडे. अमेरिकेत हा खेळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी ठरविला आहे, हे ध्यानी ठेवावे. काही पॅक एक नवे गाव तेवढे देतात. चार दिवस हिंडून झाले की त्याची नवलाई ओसरते. काही पॅक प्रत्येक घराच्या प्रत्येक दिवसात उतरतात. पैसा सार्थकी लागतो तो यांत. २०१८ चा 'सीझन्स' ऋतू व सणवार आणतो, २०२३ चा 'ग्रोइंग टुगेदर' कुटुंबातील नात्यांस रंग भरतो. २०२१ चा 'कॉटेज लिव्हिंग' गाई-कोंबड्या देतो, पण त्यांची रोजची उस्तवारी करावी लागते, हे आपल्या गावकऱ्यांस सांगावयास नको. वर्षातून अनेकदा किमती निम्म्यावर येतात. तेव्हा थांबण्यात तोटा नाही. काही गोष्टी फुकटही मिळतात. चालू लागलेली लहान मुले २०१७ साली आणि तान्ही बाळे २०२३ साली मूळ खेळातच विनामूल्य आली. संगणक जुना असेल तर पॅकांच्या ओझ्याने तो मंदावतो, आणि एकदा घेतलेला पॅक शेजाऱ्यास विकता येत नाही.

नोव्हेंबरात ते कुटुंब वसईस जाऊन आले. पुढे नाताळाच्या पत्रात मुलीने खरेदीचा वृत्तान्त कळविला. तिच्या वहीत एकच उणीव पुनःपुन्हा आली होती: पाऊस. मूळ खेळात पाऊस पडत नाही; आजीच्या घरावर कधी ढगसुद्धा आला नव्हता, आणि पावसावाचून वसई कसली! म्हणून सवलतीच्या दिवसांत तिने 'सीझन्स' घेतला. उरलेले पैसे पुढील वर्षाच्या तिकिटासाठी डब्यात ठेवले आहेत. पत्राच्या खाली तिने लिहिले होते, "फादर, वय वाढण्याची सोय मी आता पुन्हा सुरू केली आहे."