अभिमानाचा तास

परिपाठात रोज प्रतिज्ञा होते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती 1962 साली तेलुगूत लिहिली. मुलं ती एका दमात म्हणून टाकतात, पण तिच्यातला एक क्रम मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो. परंपरांचा अभिमान सांगून झाला की लगेच त्यांना पात्र होण्यासाठी झटण्याचं वचन येतं. पाचवीला मूल्यशिक्षणाचा तास घेताना मी हाच क्रम धरते: अभिमान सांगायचा, तर त्यामागचे कष्टही सांगायचे.

‘तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो?’ असं नुसतं विचारलं, तर बाबांची नवी गाडी, मामाचा मोठा फ्लॅट अशी उत्तरं येतात. त्यात मुलाचं स्वतःचं काही नसतं, आणि ज्याच्या घरी गाडी नाही तो मान खाली घालतो. म्हणून मी विचारते, ‘हे कुणी केलं आणि कसं केलं?’

आमची शाळा मुंबईतल्या चारकोपची. इथल्या मुलांना याचं उत्तर घरातच सापडतं. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून म्हाडाने इथे सेक्टर पाडले. रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून लोकांना छोटे भूखंड दिले. मधल्या चौकाभोवती साधारण 35 घरांची एक सोसायटी. घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, जमेल तसं वाढवायचं. मुलांना मी घरच्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांकडे पाठवते. आधी काय बांधलं? पैसे कसे जमवले? मदतीला कोण आलं? बरीच मुलं भाड्याने राहतात. ती आईबाबांच्या कुठल्याही कामाची हकिकत आणतात. एका मुलीने लिहून आणलं, ‘आजोबा रात्रपाळी करून यायचे आणि झोपायच्या आधी नव्या भिंतीवर पाणी मारायचे. माझं दप्तर त्याच भिंतीला टांगलेलं असतं.’ आमचं घर दोन मजली आहे, हे सांगायचं तिला सुचलंही नाही.

दुसरा उपक्रम वहीचा. जूनमधली गणिताची वही मी जपून ठेवायला लावते. दिवाळीची सुट्टी संपली की जुनी आणि नवी वही शेजारी ठेवायची आणि तेव्हा येत नव्हतं, आता येतं असं एक काहीतरी शोधायचं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचं नाही. गुणाकारात हातचा विसरणाऱ्या मुलाला स्वतःची खाडाखोड आणि त्यानंतरचं बरोबर उत्तर एकत्र दिसतं, तेव्हा शाबासकीसाठी तो माझ्याकडे बघत नाही. पुढचं गणित सोडवायला घेतो.

तिसरा उपक्रम मला सर्वांत प्रिय आहे. प्रत्येकाने वर्गातल्या एकाविषयी बोलायचं. ‘हुशार आहे’, ‘चांगली आहे’ एवढ्यावर भागत नाही. काय केलं ते सांगावं लागतं. कोण कुणाविषयी बोलणार हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवते, नाहीतर सगळे पहिल्या नंबराच्याच मुलाचं नाव घेतात. असंच एकदा मागच्या बाकावरच्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाची चिठ्ठी निघाली. सांगणारी म्हणाली, ‘कुणी डबा विसरलं की हा आपली चपाती मोडून अर्धी देतो. कुणाला सांगत नाही.’ त्याचे कान लाल झाले, पण पाठ ताठ झाली. वर्गाने न सांगता टाळ्या वाजवल्या.

फुशारकीला दुसऱ्याचा कमीपणा लागतो. अभिमानाला फक्त केलेलं काम लागतं, म्हणून तो चाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांना पुरतो. पालकसभेत मी हेच सांगते: प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी मार्क वाचू नका, मुलाला जवळ बसवून विचारा, ‘यातलं तुला सगळ्यात अवघड काय गेलं, आणि ते तू कसं केलंस?’